जंगल जळल्यावर आलेला पूर : कोलोरॅडोतल्या दोन ओढ्यांची हकिगत

(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणलोट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स शहराच्या पश्चिमेला कॅश ला पूडर नदी डोंगरातून खाली उतरते. तिच्या कडेने हायवे १४ जातो आणि दोन्ही अंगांनी लहान लहान ओढे येऊन तिला मिळतात. त्यांतल्या दोन ओढ्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. एकाचं नाव स्किन गल्च, दुसऱ्याचं हिल गल्च (गल्च म्हणजे घळ). दोघांचं पाणलोट क्षेत्र पंधरा चौरस किलोमीटरच्या आसपास. खडक सारखा, झाडं सारखी, मुख्यतः पाइन. दोघेही एकाच आगीत होरपळले. पण पुढे जे झालं ते दोघांचं सारखं नाही, आणि मला त्याचंच विशेष वाटतं.

जून २०१२मध्ये वीज पडून हाय पार्क आग लागली. ८७ हजार एकरांहून जास्त जंगल, म्हणजे साधारण ३५० चौरस किलोमीटर, जळालं. अडीचशेहून जास्त घरं गेली, एका महिलेचा जीव गेला. महिनाअखेरीस आग आटोक्यात आली. त्यानंतर आठवडाभरातच, ६ जुलैला, स्किन गल्चच्या वरच्या, सगळ्यात वाईट जळालेल्या भागावर वळवासारखी सर कोसळली. थोडाच वेळ, पण विलक्षण जोराची. शेजारचा हिल गल्च त्या सरीतून वाचला.

आगीने डोंगरात काय बदलतं ते आधी सांगते. धडधाकट पाइनच्या जंगलात जमिनीवर सुयांचा आणि कुजलेल्या पाल्याचा जाड थर असतो. पाऊस त्यात मुरतो आणि मातीच्या पोटातून सावकाश खाली सरकतो. उतारावरून पाणी वाहताना सहसा दिसतच नाही. आग हा थर खाऊन टाकते. पाल्यातले मेणासारखे पदार्थ उष्णतेने वाफ होऊन मातीत शिरतात, काही सेंटिमीटर खाली थंड होतात आणि कणांवर त्यांचं लेपण बसतं. पाणी तिथे अडतं. वरून राख मातीची छिद्रं बुजवते. थेंबांचा मार थेट उघड्या मातीवर बसतो. शेणाने सारवलेल्या अंगणावरून पाणी जसं पळतं तसं ते उतारावरून पळू लागतं. या भागातला अनुभव असा की अर्ध्या तासातला पावसाचा वेग ताशी १० मिमीच्या पुढे गेला की जळालेल्या उतारावरून पाणी आणि माती दोन्ही सुटतात. ताशी १० मिमी म्हणजे आपल्या कोकणात कुणाला विशेष वाटणार नाही असा पाऊस.

स्किन गल्चमध्ये त्या दिवशी हेच झालं, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात. वरच्या घळी खरवडून निघाल्या आणि जिथे उतार कमी होतो, दरी जरा रुंदावते, तिथे गोटे, रेव, वाळू, राख सगळं येऊन बसलं. पात्र भरून वर आलं. ओढा कुठून वाहायचा हे ओळखू येईना. हिल गल्चमध्येही त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात गाळ आला, पण टप्प्याटप्प्याने आणि बराचसा बारीक.

मग आला सप्टेंबर २०१३. कोलोरॅडोच्या पूर्व उतारावर ९ तारखेपासून आठवडाभर झड लागली. बोल्डर शहरात तेवढ्या दिवसांत सुमारे ४३० मिमी पाऊस झाला आणि त्यातला निम्म्याहून जास्त १२ सप्टेंबरच्या एका दिवसात. तिथला वर्षाचा सरासरी पाऊस आहे साधारण ५२० मिमी. हा पाऊस तासाच्या हिशेबाने वळवाइतका तीव्र नव्हता, पण थांबला नाही. दोन्ही ओढ्यांना पूर आला आणि दोघांनीही आगीनंतर साठलेला गाळ उचलून नदीत नेला. तेवढ्यावर भागलं नाही. काठ तुटले, पात्र रुंद झालं, आगीच्या आधीचा जुना तळही काही ठिकाणी खणला गेला. बारीक गाळ वाहून गेल्यावर खाली उरले मोठे गोटे आणि धोंडे.

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या डॅनियल ब्रोगन, पीटर नेल्सन, ली मॅकडॉनल्ड यांच्या गटाने हे सगळं आगीनंतर लगेच मोजायला सुरुवात केली होती. विमानातून लेझरने जमिनीची उंची पुन्हापुन्हा मोजायची, दोन नकाशांची वजाबाकी करायची, म्हणजे कुठे किती भरलं आणि कुठे किती गेलं ते कळतं. पाण्याच्या एका क्षणाच्या जोराचा विचार केला तर स्किन गल्चमध्ये २०१२चा लोंढा २०१३च्या पुरापेक्षा मोठा होता, पाऊस कितीतरी कमी असूनही. पण दरीचं रूप जास्त बदललं ते २०१३च्या पुराने, कारण तो वाहत राहिला.

म्हणून 'आगीनंतर ओढा किती वर्षांत सावरतो' या प्रश्नाला एक आकडा देता येतो असं मला वाटत नाही. आगीनंतर कुठला पाऊस आला, कुठे आला, कितव्या वर्षी आला आणि कुठल्या क्रमाने आला, यावर ओढ्याचं पुढचं रूप ठरतं. आग फक्त दार उघडते.

---

रानवाटा

ताई, फार उपयोगाचा धागा. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगराला वणवे लागतात, बहुतेक माणसांनीच लावलेले. जाळरेषा काढतो, फांद्यांनी झोडपून विझवतो, तरी दरवर्षी काही ना काही जळतंच. त्यानंतर जूनमध्ये पाऊस. मग माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथे जे झालं त्यात वणव्याचा हात असतो का? गावात लोक तसं बोलतात.

---

भूस्तर

रानवाटा, प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी भूशास्त्र शिकवत असे.

दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. जळालेल्या उतारावरचा लोंढा हा पृष्ठभागावरून येतो. पाणी मुरत नाही, वरून पळतं, वाटेतली माती-गोटे उचलत जातं आणि घळीत शिरल्यावर त्याचा चिखललोंढा होतो. त्याला दहा-पंधरा मिनिटांचा जोराचा पाऊस पुरतो, जमीन आधी भिजलेली असण्याची गरज नाही. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) इथे उलट घडलं. दिवसेंदिवस पाऊस मुरत राहिला, खडकावरचा मातीचा जाड थर पाण्याने फुगला, जड झाला, आतला पाण्याचा दाब वाढला आणि अख्खा उतार सुटला. पाणी मुरल्यामुळे झालेली दुर्घटना ती. तिचं खापर वणव्यावर फोडणं बरोबर नाही.

दुसरं, सह्याद्रीतला वणवा बहुतांशी गवताचा. झर्रकन पुढे सरकतो, मातीत खोलवर उष्णता जात नाही, गवताची मुळं जिवंत राहतात आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात डोंगर हिरवा होतो. अमेरिकेच्या पश्चिमेत शेंड्यापर्यंत पेटणारं पाइनचं जंगल ही वेगळीच गोष्ट.

तरी वणवा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. मेमधला वळीव काळ्या, उघड्या उतारावर पडला की राख आणि वरची सुपीक माती ओढ्यात जाते. दरवर्षी तोच उतार जळत असेल तर माती पातळ होत जाते, झाडोरा उगवायची संधीच मिळत नाही. ते नुकसान एका रात्रीत दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

पाणलोट यांच्या धाग्याशी जोडायचं तर कोलोरॅडोत सप्टेंबर २०१३मध्येही आपल्यासारख्या, मुरलेल्या पाण्याने सुटलेल्या दरडी झाल्या. त्या आठवड्यात तिथे १,१००हून जास्त दरडी आणि चिखललोंढे मोजले गेले. बहुतेक दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर, जिथे ऊन जास्त आणि झाडं विरळ. उत्तरेकडच्या दाट झाडीच्या उतारांवर कितीतरी कमी. मुळं माती धरून ठेवतात, त्याचा याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

---

रानवाटा

धन्यवाद सर. हे गावात वाचून दाखवणार आहे.

---

सुहास_एलए

कॅलिफोर्नियातली बाजू मांडतो. इथे आमचा अनुभव वेगळा, कारण इथे आग शरद-हिवाळ्यात आणि पाऊस लगेच त्याच हिवाळ्यात. मधे हिरवळ यायला वेळच नसतो.

डिसेंबर २०१७मध्ये थॉमस आग लागली. २ लाख ८० हजार एकरांहून जास्त जळालं. आग पूर्ण विझलेलीही नव्हती आणि ९ जानेवारी २०१८च्या पहाटे माँटेसिटो गावाच्या वरच्या डोंगरावर पाच मिनिटांत १३ मिमीच्या आसपास पाऊस पडला. फक्त पाच मिनिटांचा आकडा आहे हा. मोटारीएवढे धोंडे चिखलात तरंगत खाली आले. २३ माणसं गेली. समुद्राकडेचा हायवे १०१ जवळजवळ दोन आठवडे बंद होता.

नंतर कळलेली गोष्ट अशी की माँटेसिटोचा बराचसा भाग अशाच जुन्या लोंढ्यांनी आणून टाकलेल्या गाळावर वसलेला आहे. बागांमधले शोभेचे मोठे धोंडे पूर्वीच्या लोंढ्यांनीच आणलेले.

लॉस एंजेलिसच्या सॅन गॅब्रिएल डोंगराच्या पायथ्याला घळींच्या तोंडाशी गाळ अडवायची मोठी कुंडं बांधलेली आहेत, कित्येक दशकांपूर्वीपासून. लोंढा त्यात थांबतो, पाणी पुढे जातं. जानेवारी २०२५च्या ईटन आगीनंतर ही कुंडं तातडीने उपसली. त्याच फेब्रुवारीच्या पावसात डोंगराच्या पायथ्याला चिखल आलाच, पण कुंडं नसती तर फार वेगळं चित्र असतं. मुद्दा असा की गाळ भरलेलं कुंड म्हणजे कुंडच नाही. उपसण्यावर सतत खर्च करावा लागतो आणि आग न लागलेल्या वर्षांत तोच खर्च लोकांना नकोसा वाटतो.

---

मीनल_के

मी पाणी शुद्धीकरणात काम करते (डेन्व्हर परिसर). ओढ्याच्या रूपाबद्दल बोलणं झालं, पण हे पाणी आपण पितो त्याचं काय, हे लिहिते.

हाय पार्क आगीनंतर पूडर नदी पावसागणिक काळी व्हायची. नुसती गढूळ नाही, काळी. फोर्ट कॉलिन्सने बराच काळ नदीतून पाणी घेणं थांबवलं आणि हॉर्सटूथ जलाशयावर भागवलं. दोन स्रोत होते म्हणून जमलं. ज्या गावाला एकच ओढा आहे त्याचे हाल होतात. २०२२मध्ये न्यू मेक्सिकोत हर्मिट्स पीक–काफ कॅन्यन आगीनंतर लास वेगास (नेवाडातलं नव्हे, न्यू मेक्सिकोतलं लहान गाव) गायिनास नदीवर अवलंबून होतं. नदीत राख उतरल्यावर गावावर पाण्याची आणीबाणी आली.

राखेच्या पाण्यात नेमका त्रास कशाचा? गाळ खाली बसवता येतो, वेळ आणि रसायन जास्त लागतं इतकंच. खरी डोकेदुखी विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनची. त्यात क्लोरिन मिसळलं की आरोग्याला घातक अशी उपउत्पादनं तयार होतात आणि त्यांच्यावर कायद्याने मर्यादा आहे. शिवाय नायट्रेट, फॉस्फरस, मँगनीज. फॉस्फरस धरणात साचला की पुढच्या उन्हाळ्यांमध्ये शेवाळ माजतं, पाण्याला वास येतो. आगीची बातमी विसरली गेल्यावर हे सुरू होतं.

बोल्डरजवळ २०१०ची फोरमाइल कॅन्यन आग तशी लहान, ६ हजार एकरांच्या थोडी पुढे. तिथे यूएसजीएसच्या (अमेरिकेची सरकारी भूशास्त्र संस्था) शीला मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगीनंतर अनेक वर्षं पाण्याचे नमुने घेतले. त्यांचं निरीक्षण पाणलोटताईंच्या म्हणण्याला दुजोरा देतं. बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यात फरक माफक होता. उन्हाळी वादळी सरींनंतर मात्र गाळ, कार्बन, नायट्रेट, मँगनीज सगळं एकदम चढायचं. रोज एका ठरावीक वेळी नमुना घेणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नाही. सर येऊन गेलेल्या त्या दोन-तीन तासांत तुम्ही काठावर हवेत.

म्हणूनच आता नदीत वरच्या बाजूला गढूळपणा मोजणारी यंत्रं बसवतात. इशारा आला की खाली पाणी उपसणारे दरवाजे बंद करतात. साधी गोष्ट आहे, पण तेवढ्याने प्रकल्प वाचतो.

---

कृष्णाकाठ

मनापासून विचारतो. सप्टेंबर २०१३च्या पुराने न जळालेल्या नद्यांचीही वाट लावली होती ना? बिग थॉम्पसनच्या दरीतला रस्ता वाहून गेला तो आगीमुळे नाही. मग स्किन गल्च आणि हिल गल्च खरवडले गेले त्याचं श्रेय आगीला का द्यायचं? तसा पाऊस झाल्यावर ते तसेही खरवडले गेले असते.

---

पाणलोट

कृष्णाकाठ, हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मी त्यावर खूप विचार केला आहे.

तुमचा अर्धा मुद्दा मान्य. लायन्स गावाच्या वरच्या अंगाला नॉर्थ सेंट व्रेन ओढ्याचं पाणलोट क्षेत्र त्या वेळी जळालेलं नव्हतं, तरी २०१३च्या पुराने तिथून गोटे, वाळू आणि झाडांचे ओंडके प्रचंड प्रमाणात राल्फ प्राइस जलाशयात आणून टाकले. पाऊस पुरेसा मोठा असेल तर त्याला आगीची मदत लागत नाही.

शिवाय २०१३च्या सप्टेंबरपर्यंत हाय पार्कच्या उतारांवर गवत आणि झुडपं बऱ्यापैकी परतली होती. काही उतारांवर हेलिकॉप्टरने पेंढा आणि लाकडाच्या ढलप्या टाकल्या होत्या. त्यामुळे २०१३मध्ये उतारांवरून येणारी माती पहिल्या उन्हाळ्याच्या मानाने कमी होती. तो पूर मुख्यतः दरीच्या तळाशी खेळला.

पण दरीच्या तळाशी काय होतं ते पाहा. वर्षभर आधी उतारांवरून उतरलेला सैल, ताजा गाळ. त्यावर झाडाझुडपांची मुळं रुजलेली नाहीत. काठावरची झाडं जळालेली, त्यांची मुळं कुजायला लागलेली. ओढ्याला अडवणारे, आडवे पडलेले जुने ओंडके स्किन गल्चच्या लोंढ्याने आधीच नेलेले. अशा ओढ्यात मोठा पूर शिरला की त्याला उचलायला माल तयार असतो आणि थोपवायला फारसं काही नसतं. जळालेला ओढा २०१३मध्ये किती जास्त खरवडला गेला याचा शुद्ध आकडा काढायचा तर तोच ओढा न जळता हवा, आणि तो कुठून आणणार? क्रमाकडे मात्र बोट दाखवता येतं. आधी २०१३सारखी झड आली असती आणि नंतर २०१२सारखी सर, तर आज दोन्ही ओढे गाळाने भरलेले दिसले असते.

म्हणून मला श्रेय कुणाला द्यायचं यापेक्षा स्किन गल्च आणि हिल गल्च यांच्यातला फरक जास्त बोलका वाटतो. आग तीच होती, झडही तीच होती. मधल्या एका सरीने फरक पाडला, आणि ती सर कुणाच्या डोक्यावर पडणार हे कुणी आधी सांगू शकत नव्हतं.

---

भूस्तर

पाणलोट यांच्या उत्तराला काळाची एक मोजपट्टी जोडतो.

डेन्व्हरच्या नैऋत्येला मे १९९६मध्ये बफेलो क्रीक आग लागली, सुमारे १२ हजार एकर. १२ जुलैला जळालेल्या भागावर जोरदार वादळी पाऊस झाला, दोन माणसं पुरात दगावली. यूएसजीएसचे जॉन मूडी आणि डेबोरा मार्टिन यांनी तिथल्या ओढ्यांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे बाहेर पडलेल्या गाळातला सुमारे चार-पंचमांश वाटा घळी आणि ओढ्यांच्या पात्रांतून खणून आलेला होता. उघड्या उतारांवरून जेमतेम एक-पंचमांश. दुसरी गोष्ट अशी की ओढ्यांत अडकून बसलेला गाळ ज्या गतीने पुढे सरकत होता ती पाहता तो पूर्ण निघून जायला सुमारे ३०० वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज होता.

उतार तीन-चार वर्षांत हिरवे होतात आणि लोक म्हणतात, सावरलं. ओढ्याच्या पोटात मात्र तो गाळ पिढ्यानपिढ्या राहू शकतो. आणि एखाद्या ठिकाणी २०१३सारखा पूर येतो आणि सगळा हिशेब काही दिवसांत मिटवतो. ३०० वर्षं आणि एक आठवडा, दोन्ही खरं.

यलोस्टोनमध्ये १९८८च्या मोठ्या आगींनंतर ग्रँट मायर यांनी तिथल्या ओढ्यांच्या काठचे जुने थर उकलले. त्यांत हजारो वर्षांत पुन्हापुन्हा आलेल्या आगींचा कोळसा आणि त्यावर बसलेला लोंढ्यांचा गाळ सापडला. कोरड्या, आगीच्या शतकांत घळींच्या तोंडाशी गाळ साठत गेला, ओल्या शतकांत नद्यांनी तो उचलून पुढे नेला. आज आपण ज्या दरीला 'मूळ' म्हणतो ती याच घडामोडींतून घडलेली आहे.

---

मीनल_के

बफेलो क्रीकचं नाव निघालं म्हणून सांगते. त्या आगीचा आणि पुढे २००२च्या हेमन आगीचा (१ लाख ३८ हजार एकर) गाळ स्ट्राँशिया स्प्रिंग्ज धरणात जाऊन साचला. शहराला पाणी पुरवणाऱ्या डेन्व्हर वॉटरने गाळ उपसण्यावर आणि डोंगर सावरण्यावर अडीच कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च केला. त्यानंतर २०१०पासून वनखात्याशी भागीदारी करून वरच्या जंगलांची विरळणी आणि लागवड यांवर पैसे घालायला सुरुवात केली. पाणीपट्टीतला पैसा जंगलात जातो हे इथल्या लोकांना आता पटलेलं आहे. आपल्याकडे कोयना-वारणेच्या पाणलोटाबाबत असा विचार व्हावा असं मला फार वाटतं.

---

शेवंती

मासे, किडे, प्राणी यांचं काय होतं? त्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. ओढा म्हणजे फक्त गाळ आणि पाणी नव्हे ना.

---

पाणलोट

शेवंती, बरं झालं विचारलंत. हा भाग मला सगळ्यात जवळचा.

२०२०मध्ये याच पूडरच्या वरच्या खोऱ्यात कॅमेरॉन पीक आग लागली. २ लाख एकरांहून जास्त, कोलोरॅडोच्या नोंदींतली सगळ्यात मोठी. २० जुलै २०२१ला ब्लॅक हॉलो नावाच्या घळीतून लोंढा आला. घरं गेली, चार माणसं मृत्युमुखी पडली. नदी काळ्या चिखलाने भरली आणि खाली बऱ्याच अंतरापर्यंत ट्राउट मासे मेले. त्यांचे कल्ले गाळाने बुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो. तळाच्या गोट्यांमधल्या फटींत मासे अंडी घालतात, पाणकिडे राहतात. त्या फटी बारीक गाळाने भरल्या की पुढची पिढीही जाते.

पण सगळीकडे असं झालं नाही. लिटल बीव्हर क्रीकमध्ये एलन वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की जिथे दरी रुंद आहे, आडव्या ओंडक्यांचे बांध आहेत, बीव्हर प्राण्यांनी घातलेले बंधारे आणि ओलसर कुरणं आहेत, तिथे आगीनंतरचा लोंढा पसरला, मंदावला आणि गाळ तिथेच बसला. अरुंद, सरळ भागांत तेच पाणी तळ खरवडत गेलं.

गेल्या दोनशे वर्षांत इथे बीव्हर मारले गेले, ओंडके रेल्वेच्या स्लीपरसाठी नदीतून वाहवून नेले, ओढे 'साफ' केले. ओढ्याला पूर पचवायला जी अडगळ लागते तीच आपण काढून टाकली. आता माणसं लाकडी खुंट ठोकून, फांद्या विणून बीव्हरसारखे बंधारे घालत आहेत. हे काम पाहायला मी जमेल तेव्हा जाते. २०१३च्या पुराने ओढ्यांत जी झाडं आणून टाकली तीही शक्य तिथे राहू द्यावीत असं माझं ठाम मत आहे. पुलाला किंवा घराला धोका असेल तिथे काढा, बाकी ठिकाणी हात लावू नका. पूर गेल्यावर पहिल्या महिन्यात जेसीबी लावून ओढा सरळ आणि गुळगुळीत करणं हे दुसरं नुकसान असतं, आणि ते आपण स्वतःच करतो.

---

रानवाटा

शेवटचं वाक्य आमच्याकडे 'ओढा खोलीकरण, सरळीकरण' करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायला हवं.

---

घरधनी

मी बोल्डरच्या जवळ घर घ्यायचं बघतोय. डोंगराच्या पायथ्याला, एका लहान ओढ्यापासून थोड्या अंतरावर. वरचा डोंगर काही वर्षांपूर्वी जळालेला. एजंट म्हणतो आता सगळं हिरवं झालंय, काळजी नको. काय बघावं?

---

सुहास_एलए

आधी विमा. नेहमीच्या घरविम्यात पूर आणि चिखललोंढा येत नाही, पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे ढग दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. सरकारी जमीन जळाल्यामुळे खाली पूर आला तर प्रतीक्षेच्या मुदतीला काही अटींवर सूट आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका.

---

पाणलोट

घरधनी, हिरवळीबद्दल एजंट सांगतो ते अर्धं खरं. उतारावरून येणाऱ्या वळवाच्या लोंढ्याचा धोका पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात जास्त असतो आणि मग उतरत जातो. पण ओढ्याच्या पात्रात साठलेला गाळ अजून तिथे आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. मी काय पाहीन ते सांगते.

ओढ्याच्या काठाने वर चालत जा. पात्रात गोट्यांचे सैल ढीग आहेत का, काठ कोवळे आणि उभे कापलेले आहेत का, त्यात जळका कोळसा दिसतो का. घर जिथे आहे ती जागा ओढ्याच्या तोंडाशी पसरलेल्या गाळाच्या पंख्यावर आहे का. पंखा ओळखायची खूण म्हणजे जमीन घळीच्या तोंडापासून तिन्ही बाजूंना हलकेच उतरत जाते आणि खणलं की लहानमोठे दगड एकमेकांत मिसळलेले निघतात. अशा जागी ओढा आज घराच्या उजवीकडून वाहत असला तरी पुढच्या लोंढ्यात डावीकडून येऊ शकतो. त्यामुळे 'ओढ्यापासून इतकं अंतर' हा हिशेब पंख्यावर चालत नाही.

मग रस्त्याखालची मोरी बघा. मोरी लहान असेल तर ओंडके आणि गोटे तिच्यात अडकतात आणि पाणी रस्त्यावरून शेजारच्या घरांत शिरतं. २०१३मध्ये हे जागोजागी झालं.

यूएसजीएस मोठ्या आगींनंतर चिखललोंढ्याच्या शक्यतेचे नकाशे काढून खुले ठेवते. त्या आगीचा नकाशा शोधा आणि तुमच्या घराच्या वरची घळ कुठल्या रंगात आहे ते पाहा. एक लक्षात घ्या, ते नकाशे पंधरा मिनिटांच्या पावसाच्या जोरावर बेतलेले असतात. म्हणजे ते वळवाच्या सरीचा धोका सांगतात. आठवडाभराच्या झडीचा नाही. त्यासाठी पूररेषेचा नकाशा वेगळा बघावा लागेल, आणि तोही २०१३नंतर नव्याने काढलेला आहे ना, याची खात्री करा.

---

घरधनी

आज जाऊन आलो. ओढ्याच्या तोंडाशी जमीन तिन्ही बाजूंना उतरते आहे, आणि कुंपणासाठी खणलेल्या खड्ड्यात सगळे वेगवेगळ्या आकाराचे गोटे. मोरी जेमतेम माणूस वाकून जाईल एवढी. बायकोशी बोलून ते घर सोडायचं ठरवलं. तुम्हा सगळ्यांचे आभार.

---

पाणलोट

चांगलं केलंत. पुढचं घर पाहायला जाल तेव्हा शेजाऱ्यांना सप्टेंबर २०१३मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जरूर विचारा. नकाशावर नसलेल्या गोष्टी त्यांना माहीत असतात.